पेणमधला मारिओ हळू का धावायचा?

टोकियोतला मारिओ जे अंतर दहा सेकंदांत पळायचा, तेच अंतर पळायला पेणमधल्या मारिओला बारा सेकंद लागत. खेळ तोच. विटा, कासवं, हिरवे पाइप, शेवटचा झेंड्याचा खांब, सगळं जिथल्या तिथे. तरीही पेण, रोहा, नागोठणे, किंबहुना अख्ख्या भारतात नव्वदच्या दशकात ज्यांनी टीव्हीला डबा जोडून मारिओ खेळला, त्यांनी तो एक षष्ठांश संथ खेळला. आणि कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही. लागणार कसा? शेजारी ठेवून ताडून बघायला जपानी टीव्ही होता कुठे?

पडद्यावरच्या घड्याळाचंच उदाहरण घ्या. पहिल्या फेरीत मारिओला ४०० चा आकडा मिळतो आणि तो उतरत जातो. आपल्याला वाटायचं ते सेकंद आहेत. ते सेकंद नव्हेत. टीव्हीवर २४ चित्रं उमटली की आकडा एकाने कमी होतो, एवढाच त्याचा नियम. जपानी टीव्ही सेकंदाला ६० चित्रं दाखवायचा, म्हणजे ४०० संपायला २ मिनिटं ४० सेकंद. आपला टीव्ही दाखवायचा ५०. म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद! मारिओच्या पावलांच्या हिशेबात काहीच बदललं नव्हतं, कारण त्याची पावलंही चित्रांवरच मोजलेली. पण रिमोट धरलेल्या बोटांना पूर्ण ३२ सेकंदांची सूट मिळाली होती.

या यंत्राला वेळ ठाऊकच नाही. त्याला फक्त टीव्हीचा ठेका कळतो. एक चित्र उमटलं, एक पाऊल टाक. पुढचं उमटलं, पुढचं टाक. संगीतसुद्धा त्याच ठेक्यावर चालतं. भारतात १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने, सेकंदाला ५० च्या ठेक्याने. तो ठेका मारिओच्या पायांत उतरला.

हे यंत्र आलं कुठून? निन्टेंडोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात ‘फॅमिकॉम’ विकायला काढलं. किंमत १४,८०० येन, रचना मासायुकी उएमुरा यांची. अमेरिकेत ते १९८५ मध्ये ‘एनईएस’ नावाने गेलं. भारतात अस्सल यंत्र ‘समुराई’ या नावाने विकलं गेलं, पण घराघरांत पोचली ती त्याची नक्कल: ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ आणि असंख्य बिननावाचे डबे. सोबत दोन रिमोट, एक गन आणि ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेली कॅसेट. (त्या कॅसेटमध्ये खरे खेळ मोजकेच असत. तोच खेळ वेगवेगळ्या फेरीपासून सुरू करून देणारी यादी लांबलचक असे.) निन्टेंडोने सप्टेंबर २००३ मध्ये फॅमिकॉमचं उत्पादन थांबवलं, २००७ मध्ये दुरुस्तीही बंद केली. कंपनीच्या वहीत हे यंत्र तिथे संपलं.

पण त्या नकली डब्याची एक गोष्ट ऐकाच. ती कळली की त्याला नक्कल म्हणताना जीभ अडखळते.

जुना जाडजूड टीव्ही चित्र एकदम दाखवत नाही. आत एक इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एक ओळ ओढतो, मग खालची, मग त्याखालची. फॅमिकॉमचं चित्र २४० ओळींचं. शेवटची ओळ झाली की झोताला पुन्हा वर जावं लागतं, आणि त्या फावल्या क्षणात खेळाला पुढच्या चित्राची तयारी उरकायची असते. झोत चित्र ओढत असताना चित्राच्या स्मृतीला हात लावायचा नाही, नाहीतर पडद्यावर कचरा दिसतो. म्हणून चित्र बनवणारी चिप यंत्राच्या मेंदूला खूण करते: चल, आता तुझी वेळ. जपानी यंत्रात या खुणेनंतर २० ओळींइतका वेळ मिळतो. खेळ लिहिणारे तो वेळ तोळामाशाने मोजून वापरत. कित्येक खेळ तर खुणेपासून ठोके मोजत बसतात आणि झोत बरोबर अमुक ओळीवर आला की चित्राचा खालचा भाग सरकवतात.

आता हेच यंत्र ५० च्या टीव्हीला लावायचं. इथे एका चित्राच्या वाट्याला २६२ ऐवजी ३१२ ओळींचा वेळ येतो. पन्नास ओळी जास्तीच्या! त्यांचं करायचं काय? निन्टेंडोने युरोपसाठी यंत्र बनवताना खूण जिथल्या तिथे ठेवली, त्यामुळे खुणेनंतरचा फावला वेळ २० वरून ७० ओळींवर गेला. शिवाय मेंदूही किंचित मंदावला. जपानी यंत्रात पडद्यावर तीन ठिपके सरकतात तेवढ्यात मेंदूचा एक ठोका पडतो. युरोपीय यंत्रात ३.२ ठिपक्यांना एक. झालं, ठोके मोजणाऱ्या जपानी खेळांचा हिशेब चुकला. युरोपसाठी ते खेळ नव्याने जुळवावे लागले.

आणि तैवानच्या यूएमसी कंपनीतल्या अभियंत्यांनी काय केलं? पाल टीव्हीच्या देशांसाठी चिपा बनवताना त्यांनी त्या जादा ओळी खुणेच्या *आधी* सरकवल्या. चित्र संपलं की यंत्र ५१ ओळी गप्प बसतं. मग खूण, आणि खुणेनंतर बरोबर २० ओळींनी नवं चित्र सुरू. तीन ठिपक्यांना एक ठोका हे प्रमाणही त्यांनी जपलं. बिचाऱ्या खेळाला कळतच नाही की आपण जपानबाहेर आहोत! तो आपला निवांत ठोके मोजतो आणि ते जुळतात. म्हणजे न बदललेली जपानी कॅसेट निन्टेंडोच्या स्वतःच्या युरोपीय यंत्रापेक्षा या नकली डब्यावर जास्त बिनचूक चालायची. रशियात १९९२ पासून ‘डेंडी’ नावाने विकलं गेलेलं यंत्र याच जातीचं. सायबेरियातलं पोर आणि कोकणातलं पोर एकाच चालीचा मारिओ खेळत होतं.

फरक एके ठिकाणी राहिला, आवाजात. यातल्या अनेक चिपांमध्ये सूर-वाहिन्यांच्या लहरींचे दोन आकार आपसात बदलले गेले होते. सूर तोच, पण त्याचा पोत वेगळा, काही ठिकाणी भरीव, काही ठिकाणी नाकातला. आज इंटरनेटवर मूळ मारिओचं संगीत ऐकताना ‘काहीतरी वेगळं वाटतंय’ असं ज्यांना वाटतं, त्यांचे कान खोटं बोलत नाहीत.

आता डब्याच्या आत डोकावू. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे २४० ठिपके, म्हणजे एकूण ६१,४४०. प्रत्येक ठिपक्याला चार रंगांतला एक निवडायचा म्हटलं तरी एका चित्राला १५,३६० बाइट लागतील. चित्रासाठी यंत्रात स्मृती किती? २,०४८ बाइट. एका चित्राच्या सातव्या भागाएवढीही नाही! मग डोळ्यांसमोर आभाळ, ढग, डोंगर, किल्ले कुठून आले?

याचं उत्तर पेणच्या माणसाला समजावायला सगळ्यात सोपं. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत एकेका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. हात, सोंड, मुकुट वेगवेगळे घडवून जोडले, एका मूर्तीला पिवळा पीतांबर दिला, दुसरीला लाल, एकीला फेटा, एकीला मुकुट, की एकाच साच्याचे गणपती घरोघरी वेगळे दिसतात. प्रत्येक मूर्ती मुळापासून घडवत बसलं तर भाद्रपद उजाडायचा नाही. फॅमिकॉम अगदी असंच काम करतं. कॅसेटमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांचे बारके तुकडे असतात, पार्श्वभूमीसाठी २५६ आणि हलत्या चित्रांसाठी २५६. हे साचे. यंत्राच्या स्मृतीत चित्र नसतंच, असते ती नुसती यादी: या जागी १२ नंबरचा साचा, शेजारी ४७, मग पुन्हा १२. आडवे ३२ आणि उभे ३०, एकूण ९६० साच्यांचे नंबर, वर कुठल्या भागाला कोणता रंगसंच याचे ६४ बाइट. बेरीज १,०२४.

दोन हजार सोडा, हजारभर बाइटांत अख्खा पडदा! म्हणजे २,०४८ मध्ये दोन पडदे बसतात. आणि तो दुसरा पडदा म्हणजे शुद्ध हुशारी आहे. मारिओ उजवीकडे धावत असताना यंत्र न दिसणाऱ्या पडद्यावर पुढचा मुलूख गुपचूप मांडत असतं. तुम्ही तिथे पोचता तोवर डोंगर तयार. मागे पडलेली जागा लगेच पुढच्या मुलखासाठी वापरायला मोकळी. पहिल्या मारिओत मागे फिरता येत नाही, आठवतं?

आता मारिओतला ढग आठवा आणि जमिनीवरचं झुडूप आठवा. एकच साचा! वर पांढरा रंगसंच, खाली हिरवा. तीस वर्षं खेळलेल्या माणसाला हे सांगा आणि त्याचा चेहरा बघा. लुइजी म्हणजे वेगळे कपडे रंगवलेला मारिओच. आणि पहिल्याच फेरीत समोरून येणारा तो तपकिरी, भुवया ताणलेला गूंबा? खेळ जवळपास पुरा होत आला तेव्हा त्याची भर पडली आणि साच्यांना जागा उरली नव्हती. म्हणून त्याचं एकच चित्र आहे. ते आरशातल्यासारखं उजवं-डावं उलटत राहतं आणि आपल्याला वाटतं तो पाय टाकत चाललाय.

फेऱ्यांची मांडणी तर आणखी काटकसरीची. पाइप, विटांची रांग, खड्डा, यातल्या प्रत्येक वस्तूला दोन बाइट. पहिल्यात जागा, दुसऱ्यात प्रकार आणि लांबी-उंची. अशा ३२ फेऱ्या, सगळे शत्रू, सगळं संगीत, उडीचं सारं गणित मिळून ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४०,९६० बाइटांत मावतो: ३२ किलोबाइट आज्ञा आणि ८ किलोबाइट साचे. संगणक देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट देतो. त्या हिशेबाने तुम्ही वाचताय हा लेखही साठवायला जवळपास तेवढीच जागा मागतो. एवढ्याशा जागेत १३ सप्टेंबर १९८५ रोजी एक अख्खं राज्य बाजारात आलं!

खेळताना कधी तीन-चार शत्रू एका रेषेत आले की त्यांची चित्रं लुकलुकायची. डबा गरम झाला, असं आपण म्हणायचो. तो दोष नव्हता, ती सोय होती. यंत्र एकूण ६४ हलते तुकडे सांभाळतं, पण एका आडव्या ओळीत आठच दाखवू शकतं. छोटा मारिओ दोन तुकडे रुंद, म्हणजे आठ तुकडे चुटकीसरशी संपतात. नववा दिसेनासाच व्हायला हवा. मग खेळ लिहिणाऱ्यांनी काय केलं? दर चित्राला क्रम फिरवला. या वेळी एकाला गाळायचं, पुढच्या वेळी दुसऱ्याला. कायमचा कोणीच गायब होत नाही. सगळे आळीपाळीने दिसतात आणि उरलेलं काम आपला डोळा करतो.

आणि आता गन. बदकं मारायची ती नारिंगी किंवा काळी गन, जिच्यातून पडद्यावर काहीतरी जातं अशी आपली पक्की खात्री होती. सत्य नेमकं उलटं आहे. गन टीव्हीवर काहीच फेकत नाही. टीव्ही गनवर प्रकाश फेकतो. गनच्या नळीत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा एक चिमुकला भाग आहे. गन म्हणजे डोळा.

तुम्ही चाप ओढता. क्षणभर, एका चित्रापुरता, सगळा पडदा काळा होतो. पुढच्या चित्रात जिथे बदक होतं तिथे पांढरा चौकोन. गनला उजेड दिसला, तर नेम बदकावर होता. दोन बदकं असली तर? आधी एकाच्या जागी चौकोन, पुढच्या चित्रात दुसऱ्याच्या. उजेड *कोणत्या* चित्रात दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. हे सगळं सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यांत चाललेलं, म्हणून आपल्याला फक्त एक लुकलुक जाणवते.

मग गन बल्बवर धरून लबाडी का जमायची नाही? आधी पडदा काळा होतो तो यासाठीच. अंधारातही उजेड दिसला, म्हणजे तुम्ही टीव्हीकडे बघतच नाही, नेम चुकला. त्यावरही दुसरं कुलूप आहे. टीव्हीचा झोत सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त ओळी ओढतो, त्यामुळे पडद्याच्या उजेडात त्या वेगाची थरथर असते. मूळ गनमधलं सर्किट त्या थरथरीलाच प्रतिसाद देतं. बल्ब, ऊन, पणती, यांचा शांत उजेड त्याच्या लेखी उजेडच नव्हे. किती सुरेख! १९८४ सालच्या ‘डक हंट’मध्ये खेळण्यातल्या बंदुकीने खऱ्या-खोट्या उजेडाची पारख केली.

आणि म्हणूनच ही गन आजच्या सपाट टीव्हीवर मुकी होते. तिथे झोत नाही, ती थरथर नाही, शिवाय नवा टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर प्रक्रिया करत बसतो, चौकोन उशिरा उमटतो. बदकं मारायची असतील तर काचेच्या जाड नळीचा टीव्ही हवा. भंगारवाल्याकडे असा चालू टीव्ही दिसला तर सोडू नका, असं मी कळकळीने सांगेन. त्याचं मागचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. बंद टीव्हीच्या नळीतही जीवघेणा विद्युतदाब साठून राहू शकतो.

माळ्यावर डबा असेलच, तर त्याला जागं करणं अवघड नाही. कोकणातल्या पावसाळ्यांनी त्याचं काय केलं असेल? बहुतेक वेळा फार काही नाही. कॅसेटच्या तळाशी दिसणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर दमट हवेने थर चढलेला असतो, आणि यंत्राला त्या ६० पट्ट्यांमधून साचे वाचता येत नाहीत. आपण सगळे फुंकर मारायचो आणि खेळ चालू व्हायचा, नाही का? पण काम फुंकरीचं नव्हतं. कॅसेट काढून पुन्हा घालताना पट्ट्या घासल्या जायच्या, तेवढ्याने थर खरवडला जायचा. तोंडातली वाफ उलट थर वाढवते. त्याऐवजी कापसाची काडी शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पट्ट्या पुसा, काडी काळी व्हायची थांबेपर्यंत पुसा, पूर्ण वाळू द्या. पट्टी फारच काळवंडली असेल तर पेन्सिलीचं मऊ खोडरबर हलक्या हाताने.

अडॅप्टर नवा घेताना दोन गोष्टी बघा: किती व्होल्टचा, आणि पिनेच्या आतली बाजू धन की ऋण. फॅमिकॉमची आतली बाजू ऋण असते. नकली डब्यांमध्ये दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून डब्यावरचं चिन्ह पाहिल्याशिवाय जोडू नये. बऱ्याच डब्यांना बाहेरून ९ व्होल्ट लागतात, पण आतल्या चिपांना हवे असतात ५. मधले ४ एक छोटा तीन पायांचा भाग उष्णतेच्या रूपाने फुंकून टाकतो. डबा तापायचा तो यामुळे. टीव्हीला जोडायला अँटेनाच्या वायरीपेक्षा लाल-पिवळी एव्ही वायर कधीही सरस; चित्रातल्या मुंग्या जातात आणि साच्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. रिमोटची बटणं ऐकत नसतील तर आतल्या रबरी चकत्या पुसा. खेळून झाल्यावर डबा सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

नव्या टीव्हीसाठी बाजारात एचडीएमआयची स्वस्त डबी मिळते, तिच्यात एक गंमत दडली आहे. टीव्हीच्या पद्धतीत एक पूर्ण चित्र दोन फेऱ्यांत ओढलं जायचं, आधी विषम ओळी, मग सम. फॅमिकॉमने एक क्लृप्ती केली: प्रत्येक फेरीत त्याच त्या ओळींवर चित्र ओढायचं, म्हणजे ओळी निम्म्या पण हालचाल दुप्पट तलम. जुन्या टीव्हीला काही फरक पडला नाही. पण स्वस्त डबीला वाटतं हे नेहमीचंच दोन फेऱ्यांचं चित्र आहे आणि ती दोन वेगळी चित्रं एकमेकांत विणून टाकते. धावत्या वस्तूंच्या कडा कंगव्यासारख्या फाटतात, आणि आळीपाळीने लुकलुकणाऱ्या चित्रांचा पार विचका होतो. ही क्लृप्ती ओळखणारी डबी महाग पडते, पण पैसे वसूल होतात.

एवढं करून डबा चालू झाला. आता जुने खेळ पुन्हा खेळायचे, बस? हाच तर मला सगळ्यात मोठा चमत्कार वाटतो: या यंत्राचा तळ अजून लागलेला नाही. त्याचा मेंदू म्हणजे १९७५ च्या ६५०२ या चिपचा भाऊबंद, ज्याला जेमतेम ५६ प्रकारच्या आज्ञा कळतात. एका माणसाच्या डोक्यात पूर्ण मावेल असं हे यंत्र आहे, त्यामुळे जगभर लोक त्यासाठी आजही नवे खेळ लिहितात. जर्मनीतल्या मॉर्फकॅट गेम्सने २०१९ मध्ये ‘मायक्रो मेजेस’ काढला. चार जणांनी एकत्र खेळायचा खेळ, आणि आकार मुद्दाम ४० किलोबाइट, बरोबर पहिल्या मारिओएवढा! अर्धी चित्रं साठवायची, उरलेली अर्धी उलटवून घ्यायची. तोच गूंबाचा धडा, कितीतरी पुढे नेलेला. पेणमधल्या एखाद्या बारावीतल्या मुलीने हे यंत्र शिकायला घेतलं तर तिला लागेल फक्त साधा संगणक आणि फुकट मिळणारी साधनं. लिहिलेला खेळ मेमरी कार्डवाल्या कॅसेटमध्ये भरला की त्या जुन्या डब्यावर तो चालतो.

आणि जुने खेळ तरी कुठे संपलेत? १९८९ च्या ‘टेट्रिस’चं बघा. २९ व्या पातळीला तुकडा दर चित्राला एक ओळ खाली येतो. २० ओळींचं अंतर, ६० च्या टीव्हीवर सेकंदाचा तिसरा हिस्सा. बटण दाबून धरलं तर तुकडा कडेपर्यंत सरकायच्या आत जमिनीला टेकतो. वर्षानुवर्षं सगळे मानत होते की माणसाची हद्द इथे संपली. २०११ मध्ये थोर आकरलुंडने बटण धरून न ठेवता थरथरत्या बोटाने टिचक्या मारत ३० वी पातळी गाठली. पुढे खेळाडूंनी त्याहून अचाट रीत काढली. अंगठा बटणावर नुसता टेकवून ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं रिमोटच्या *पाठीवर* एकामागून एक आपटायची. बटण बोटाकडे जात नाही, रिमोटच अंगठ्यावर येऊन आदळतो. सेकंदाला वीस टिचक्या!

२१ डिसेंबर २०२३. अमेरिकेतल्या ओक्लाहोमाचा विलिस गिब्सन, वय १३, या रीतीने १५७ व्या पातळीवर पोचला आणि पडदा गोठला. यंत्र हरलं. त्याआधी हे फक्त संगणकाच्या प्रोग्रॅमला जमलं होतं.

गोठला का? गुण मोजताना हा खेळ पातळीच्या आकड्याइतक्या वेळा तीच बेरीज पुन्हा पुन्हा करतो. मूळ ६५०२ चिपमध्ये दशमान बेरजेची खास सोय होती. फॅमिकॉमच्या चिपमध्ये ती बंद केलेली आहे, पेटंटच्या कटकटीमुळे असं मानलं जातं. त्यामुळे खेळाला प्रत्येक बेरीज लांबच्या वाटेने करावी लागते. पातळी १५५ च्या आसपास गेली की बेरजा एका चित्राच्या वेळात संपेनाशा होतात, पुढची खूण येऊन धडकते आणि खेळ वाट चुकतो. १९८३ च्या चिपमध्ये गाळलेल्या सोयीची झळ चाळीस वर्षांनी तेरा वर्षांच्या मुलाच्या पडद्यावर पोचली!

वाटेत आणखी एक नवल. १३८ व्या पातळीपासून तुकड्यांचे रंग विचित्र होतात, कुठे काळपट, जवळजवळ न दिसणारे, कुठे कधी न पाहिलेले. ते कोणी ठरवलेलेच नाहीत. रंगांचा तक्ता संपतो आणि खेळ तक्त्यापलीकडचे, भलत्याच कामाचे आकडे रंग समजून वाचत सुटतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मायकल अर्तियागाने, गोठू नये म्हणून दुरुस्त केलेल्या प्रतीवर, २५५ वी पातळीही ओलांडली. वाटेत २३५ वी पातळी आडवी आली, जिथे हिशेबातल्या एका चुकीमुळे एकाच पातळीत ८१० ओळी मिटवाव्या लागतात. एका बाइटमध्ये २५५ पुढे आकडाच नाही, त्यामुळे पुढची पातळी आली शून्य. मूळ, न दुरुस्त केलेल्या कॅसेटवर तिथवर जायचं, तर कोणत्या पातळीला एका वेळी किती ओळी मिटवल्या की खेळ गोठतो हे आधी ठाऊक हवं, आणि तुकडे कोसळत असताना तेवढंच चुकवत जायला हवं. खेळाच्या आज्ञा एकेक करून वाचून त्याचे तक्ते तयार झालेत, आणि खेळाडू ते पाठ करतायत.